सव्वीस भागांचा आखाडा

२८ जानेवारी २०१२ च्या शनिवारी कलर्स वाहिनीवर ‘रिंग का किंग’ सुरू झालं. शनिवारी एक भाग, रविवारी एक, असे तेरा आठवडे. २२ एप्रिलला सव्विसावा भाग दाखवला आणि दुकान बंद झालं. पुढचा हंगाम कधी आलाच नाही. टीएनए या अमेरिकी कुस्ती कंपनीने एंडेमॉल इंडियाच्या जोडीने उभी केलेली ही भारतातली धंदेवाईक कुस्ती. चित्रीकरण पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात. जाहिरातीच्या फलकांवर हरभजन सिंग, आत जेफ जॅरेट, स्कॉट स्टायनर, मॅट मॉर्गन यांच्यासारखे परदेशी गडी आणि त्यांच्यासमोर आपले म्हणून उभे केलेले काही तरुण. उदय, भरभराट, अस्त, सगळं मिळून तीन महिने.

इतक्या अल्पायुषी आणि उघडउघड बनावट तमाशाचं रसग्रहण करायचं का, असं कोणी विचारील. माझं उत्तर असं की बनावट आहे म्हणूनच करायचं. खऱ्या कुस्तीचं वर्णन होतं. रचलेल्या कुस्तीचं वाचन करता येतं, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवून ठेवलेली असते.

मी हे सगळे भाग ग्वाल्हेरला, पाटणकर बाजारातल्या घरी पाहिले. आम्हा लश्कर भागातल्या मराठी मंडळींना कार्यक्रमाची हिंदी परकी वाटण्याचा प्रश्न नव्हता, आमची निम्मी भांडणं हिंदीतच होतात. शेजारचे आप्पा यायचे. तरुणपणी आखाड्यात उतरलेले, कान चेमटलेले, नागपंचमीच्या दंगलीची आठवण निघाली की मांडीवर थाप मारणारे. पहिल्याच रविवारी एक गडी दाणकन पाठीवर आपटला तसे आप्पा पंचा सावरत उठले, “झाली की. चला.” त्यांना वाटलं कुस्ती सुटली. गडी उठून पुन्हा उभा राहिला तेव्हा आप्पा परत बसले. असं त्या रात्री अनेकदा झालं. शेवटी वैतागून म्हणाले, “अरे, ह्याला कितीदा चीत करायचा?”

आप्पांच्या त्या प्रश्नात या खेळाचं अख्खं व्याकरण आहे. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की गोष्ट संपते. तिथे सगळी कथा पाठ लागू नये म्हणून चाललेली असते. गडी पालथा पडेल, मानेवर पूल करील, बोटं मातीत रोवील, पण खांदे टेकू देणार नाही. इथे मात्र पाठ लागणं ही कथेची सुरुवात. माणूस एका लढतीत वीस-पंचवीस वेळा पाठीवर पडतो आणि प्रत्येक पडण्याचा अर्थ वेगळा असतो. पहिलं पडणं म्हणजे समोरचा दांडगा आहे एवढंच. मधलं म्हणजे आता याचं कंबरडं मोडलं. शेवटून दुसरं म्हणजे खलनायकाने खाल्लेला पहिला खरा मार, ज्याची लोक अर्धा तास वाट पाहत असतात. खांदे टेकवून पंचाने तीन मोजले तर हार, आणि दोनावर खांदा उचलला गेला तर पुन्हा आशा. हे ‘दोन आणि थोडं’ हेच या नाट्याचं प्रमुख वाक्य आहे.

आणि पडायचं कसं, ते जवळून पाहावं. हनुवटी छातीला चिकटवलेली असते, नाहीतर डोकं मागे आपटेल. दोन्ही हात बाजूला फेकून तळवे, दंड आणि पाठीचा वरचा भाग एकाच क्षणी फळीवर आदळतात, म्हणजे भार एका जागी येत नाही. खाली पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसं अंथरूण आणि ताणलेलं कापड. त्या पोकळीतून जो धाडकन आवाज निघतो तो जखमेपेक्षा मोठा असतो. आवाज मोठा आणि इजा कमी, हे साधायला वर्षं जातात. तरी इजा शून्य कधीच नसते. लाकूड ते लाकूडच, गुडघे आणि माना खरोखर जातात. उचलून आपटणाऱ्याइतकंच कसब उचलून घेणाऱ्याचं असतं. तो वेळेवर उडी मारून आपलं वजन देत नसेल तर मॅट मॉर्गनसारख्या जवळजवळ सात फुटी माणसालाही कुणाला असं डोक्यावर धरता येणार नाही. जो मार खातोय तोच समोरच्याला बलवान दाखवतोय. मातीतल्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण तिथे वजन द्यायचं नसतं, चोरायचं असतं.

आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती शिवी आहे. असायलाच हवी. ज्या मैदानात इनाम लावलेलं असतं, दोन तालमींची अब्रू पणाला लागलेली असते, तिथे आधी ठरवून पडणं म्हणजे तिकिटाच्या पैशांची चोरी. पण नाटक म्हणून पाहिलं तर हिशेब बदलतो. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगमंचावरच्या लढाईचे नियम दिलेत: शस्त्र चालवावं पण छेद-भेद करू नये, रक्त सांडू नये, प्रहार अभिनयाने दाखवावा. पदन्यास, फेर, अंगविक्षेप सगळं सांगितलंय. बालेवाडीत जे चाललं होतं ते या नियमांच्या बरंच जवळ होतं. बाजारातली पोरं विचारायची, “काका, ये सच्ची में मारते हैं क्या?” वीररस खरा की खोटा असं आपण एरवी विचारतो का? वठला की नाही, एवढंच विचारतो.

मग ‘रिंग का किंग’मध्ये तो वठला का? काही ठिकाणी उत्तम.

परदेशी गड्यांची निवड पाहा. हॅरी स्मिथला इथे ‘बुलडॉग हार्ट’ असं नाव दिलं होतं. त्याचे वडील डेव्ही बॉय स्मिथ, म्हणजे ‘ब्रिटिश बुलडॉग’, आणि आईकडून आजोबा कॅनडातले स्टू हार्ट, ज्यांच्या घराच्या तळघरात कित्येक कुस्तीगीर घडले. त्याचा जोडीदार चाव्हो गरेरो मेक्सिकोच्या कुस्ती खानदानातला. जॅरेटचे वडील जेरी हे मेम्फिसकडचे मोठे कुस्ती-आयोजक, बापलेकांनीच मिळून २००२ मध्ये टीएनए काढली. ग्वाल्हेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हार्टांचा पडण्याचा बाज वेगळा, गरेरोंचा वेगळा, मेम्फिसचा तर अगदीच वेगळा: तिथे कुस्ती कमी, भांडण जास्त. घराणी अशीच ओळखायची असतात, बंदिश तीच आणि मांडणी निराळी. स्टायनर तर मिशिगन विद्यापीठाकडून खरी कुस्ती खेळलेला. त्याचा एखादा पट काढलेला पाहून आप्पा पहिल्यांदा ताठ बसले होते. “ह्याने माती खाल्लीय,” म्हणाले. माती नव्हे, गादी, पण मुद्दा बरोबर होता.

कथानकाचा गाभा होता ‘आरडीएक्स’ ही टोळी. जॅरेट, स्टायनर, मुखवटा घातलेला अबिस, इंग्रज ‘सर’ म्हणून मिरवणारा ब्रूटस मॅग्नस आणि भारतीय वंशाचा सोंजय दत्त. परदेशातून आलेले, कपटी, टोळीने मारणारे, आणि त्यांच्यात आपल्याच रक्ताचा एक फितूर. इतिहासाच्या चौथीच्या पुस्तकात जे नाट्य असतं तेच, फक्त घोड्यांऐवजी दोऱ्यांचं रिंगण. साहेबाच्या ऐटीत वागणारा मॅग्नस तर इतका सरळ कंपनी सरकार होता की हसू यायचं.

पण या टोळीच्या मुळाशी एक सुंदर गंमत आहे आणि मला वाटतं ती लिहिणाऱ्यांनाही पुरती उमगली नसावी. पडद्यावर भारतात येऊन पट्टे लुटणारा खलनायक जेफ जॅरेट हाच पडद्यामागे हा सगळा डाव भारतात आणणारा माणूस होता. म्हणजे आयोजकाने स्वतःला लुटारूची भूमिका दिली. दर भागात बालेवाडीतले प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे आणि तो त्या हुर्योवरच जगायचा. खलनायक स्वतःकडे तिरस्कार ओढून घेतो तेव्हाच नायकावरचं प्रेम वाढतं, हे मेम्फिसच्या घराण्यातलं पहिलं सूत्र. जॅरेटने ते इमानेइतबारे पाळलं. मला या सव्वीस भागांत कुणाचा अभिनय आवडला असेल तर त्याचा.

नायकाची बाजू मात्र कच्ची. पहिला विजेता झाला मॅट मॉर्गन, अमेरिकीच. शेवटी पट्टा गेला महाबली वीराकडे. पंजाबचा अमनप्रीत सिंग, दणदणीत देहाचा, देखणा, शिकाऊ. त्याला पडता येत होतं, मार खाता येत होता, पण मधल्या वेळेत काय करायचं ते अजून आलेलं नव्हतं. दोन डावांच्या मधली जागा भरणं हीच या कलेतली परीक्षा. मैदानात तिला खडाखडी म्हणतात: दोघे मानेला हात लावून एकमेकांचं बळ जोखतात, पाच मिनिटं काहीच होत नाही आणि तरी हजारो माणसं श्वास धरून बसतात, कारण त्यांना दिसत असतं की अमक्याचा डावा पाय सरकला, तमक्याची पकड मनगटावरून कोपरावर आली. वीराच्या लढतीत ही जागा संपादकाने कापून टाकलेली वाटायची. सगळा वेग, ताण नाही.

अर्थात ताण खरा असला की तो रंगतोच असंही नाही, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्या उंबऱ्यावरचा आहे. ग्वाल्हेरपासून दतिया जवळच. दतिया दरबाराच्या आश्रयाला असलेला गामा १९१० मध्ये लंडनला गेला. बरोबर भाऊ इमामबक्ष होता, आयोजक होता बेंजामिन नावाचा माणूस. १० सप्टेंबरला शेफर्ड्स बुशच्या स्टेडियमवर गामाची गाठ पोलंडच्या स्तानिस्लाउस झिबिस्कोशी पडली. झिबिस्को जो पालथा पडला तो पालथाच राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलथवायला बघतोय आणि तो चटईला चिकटलेला! लोक कंटाळले. कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ सप्टेंबरला पुन्हा जोड ठरली, तर झिबिस्को फिरकलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. त्या कुस्तीइतकं खरं काही नसेल आणि त्या कुस्तीइतकं कंटाळवाणंही क्वचितच काही असेल.

अमेरिकी आयोजकांनी १९२० च्या दशकात जे केलं ते याच कंटाळ्यावरचं औषध होतं. वेळ बांधली, उड्या आणल्या, निकाल आधी ठरवले. गंमत म्हणजे त्या दुनियेतही हाच झिबिस्को सापडतो. १९२५ मध्ये फिलाडेल्फियाला त्याने वेन मन या नामधारी विजेत्यासमोर ठरल्याप्रमाणे पडायचं होतं. मन फुटबॉलमधून आलेला, कुस्तीत कच्चा. झिबिस्कोने रिंगणात शिरल्यावर सगळं ठरलेलं बाजूला ठेवलं आणि त्याला खरोखर पाडून पट्टा घेतला. आणि तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळाच्या मैदानात गामाने या झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केलं. एकाच माणसाच्या आयुष्यात अडीच तासांचं खरं, ठरलेलं खोटं, खोट्यात घुसवलेलं खरं आणि चाळीसेक सेकंदांचं खरं! कादंबरीकाराने असं पात्र रचलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं.

भारतात ठरलेल्या कुस्तीचा धंदा पहिल्यांदा चालला तो दारासिंगच्या खांद्यावर. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्रीस्टाइल’चे सामने व्हायचे. हंगेरीत जन्मलेला अजस्र किंग काँग, म्हणजे एमिल झाया, ऑस्ट्रेलियाचे, अमेरिकेचे गडी. १९५९ मध्ये कलकत्त्याला जॉर्ज गॉर्डियेंकोला हरवून दारासिंग राष्ट्रकुल विजेता ठरला, २९ मे १९६८ रोजी मुंबईत लू थेझला हरवून जगज्जेता. आता थेझ हा अस्सल पकडींचा माणूस. निकाल ठरलेला असला तरी त्याच्या हातातून सुटणं ठरवून होत नसे, असं जाणकार म्हणत. लोक तिकीट काढून येत, आणि पुढच्या महिन्यात कोणाला आणायचं ते तिकीटबारीवरून ठरे. १९६२ मध्ये ‘किंग काँग’ नावाचाच सिनेमा निघाला, दारासिंग नायक झाला आणि आखाडा हळूहळू पडद्यावर सरकला. १९८३ मध्ये त्याने दिल्लीत निरोपाची कुस्ती खेळली तोवर फ्रीस्टाइलच्या धंद्याला ओहोटी लागलेली होती. म्हणजे तो धंदाही बुडाला. पण त्याला बुडायला पाव शतक लागलं.

‘रिंग का किंग’ला तीन महिनेच का पुरले? लोक कारणं देतात: खर्च, जाहिराती, विमानाने आणायचे परदेशी गडी. असतीलही. पण वाचक म्हणून मला कारण कलाकृतीच्या घडणीतच दिसतं. चित्रीकरण डिसेंबरातच सुरू झालेलं, एका बैठकीत अनेक भाग. घरी बसलेल्या प्रेक्षकाने काय स्वीकारलं नि काय नाकारलं हे कळेपर्यंत गोष्टीचा मोठा भाग डब्यात बंद. धंदेवाईक कुस्ती ही अशी एकमेव नाट्यकला असेल की जिची संहिता प्रेक्षकांच्या ओरडण्याने बदलते. ज्याला नायक म्हणून उभा केला त्याला लोकांनी हुर्यो केली, तर शहाणा आयोजक महिन्याभरात त्याला खलनायक करतो. मेम्फिसमध्ये दर सोमवारी रात्री हेच व्हायचं, जॅरेटच्या घरातच हे ज्ञान होतं. इथे त्याला तो कान मिळाला नाही. बालेवाडीतले लोक ओरडत होते, पण पाटणकर बाजारातून आम्ही ओरडलो ते कुणाला ऐकू जाणार होतं?

दुसरं कारण मला जास्त बोचतं. पुणं हे कुस्तीचं गाव. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम पेशवाईतली. मामासाहेब मोहोळांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची परंपरा चालवली. ‘रिंग का किंग’ चालू होतं त्याच वर्षांत नरसिंग यादव २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी होत होता. खुद्द बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं. आणि त्या जागेत उभ्या राहिलेल्या रिंगणात हलगी नव्हती, शड्डू नव्हता, कुणाच्या अंगाला लाल मातीचा स्पर्श नव्हता. मला नकली कोल्हापुरी फेटे बांधलेला एखादा ‘मराठा’ गडी नको होता, तसलं आणखी वाईट दिसलं असतं. पण मैदानातला निवेदक ज्या तऱ्हेने गड्याचं गाव, वस्ताद, तालीम, मागची कुस्ती सांगत सांगत जोड चढवतो, ती कला शंभर रुपयांत शिकायला मिळाली असती. इथल्या गड्याला नाव होतं, गाव नव्हतं. वीरा कुठल्या वस्तादाचा पठ्ठा? त्याने कुणाकडून हार खाल्ली होती? आप्पांचं म्हणणं एवढंच होतं, “जोड कुणी लावली, ते तर सांगा.” १९१२ मध्ये शाहू महाराजांच्या खासबागेत इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन उतरले तेव्हा ती जोड कशी जमली हे गावोगाव माहीत होतं, कुस्ती त्यानंतरची गोष्ट.

एवढं असूनही एक जागा अशी होती की जिथे ही संहिता जिवंत झाली, आणि ती जागा वीराची नव्हे. गर्व आणि हर्व सिहरा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचे पंजाबी भाऊ, ‘बॉलीवूड बॉइज’ या नावाने नाचत यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पण ही पोरं चांगली निघाली. ती लहान चणीची होती आणि आपण लहान आहोत हे त्यांना ठाऊक होतं. स्टायनर-अबिसच्या हाती ती अशी चिरडली जायची की एक भाऊ दोरीबाहेर हात ताणून दुसऱ्याला शिवायला बघायचा आणि बोटाचं अंतर राहून जायचं. जोडीच्या कुस्तीतला करुण रस सगळा त्या बोटभर अंतरात असतो. शेवटी जोडीचे पट्टे त्यांनी जिंकले तेव्हा खालच्या दुकानातली पोरं खरोखर ओरडली, आणि आप्पांनीही मांडीवर थाप मारली. मग लगेच, “नुरा आहे,” असं पुटपुटले.

कार्यक्रम संपला. जुलैत, १२ तारखेला, दारासिंग गेला. अमनप्रीत पुढे ‘महाबली शेरा’ या नावाने अमेरिकेत टीएनएच्या रिंगणात उतरला. मॅग्नस २०१३ च्या अखेरीला टीएनएचा विजेता झाला. आणि सिहरा बंधू डब्ल्यूडब्ल्यूईत ‘सिंग ब्रदर्स’ बनले. २१ मे २०१७ ला शिकागोजवळच्या रोझमाँटला कॅलगरीत जन्मलेल्या जिंदर महालने रँडी ऑर्टनला हरवलं ते या दोन भावांच्या मधल्या लुडबुडीमुळे. मालकाची तळी उचलणारे, टोळीने मारणारे, परके. पुण्यात ज्यांच्यासाठी टाळ्या पडल्या त्यांच्या वाट्याला तिथे आरडीएक्सची भूमिका आली होती, आणि प्रेक्षक मनापासून हुर्यो उडवत होते. भावांनी ती उत्तम वठवली.